शैलजाताईंनी मिटवलेली एक हरकत

श्रीमती शैलजाताई भोयर यांचा आणि माझा परिचय झाला, तेव्हा मी एका हातात कपाटाची किल्ली घट्ट धरून आणि दुसरा हात याचकासारखा पुढे करून उभा होतो. कंपनीतला तो माझा पहिलाच दिवस होता. कडक इस्त्रीचा सदरा होता, नवे बूट होते आणि आपण काहीतरी विशेष शिकून आलो आहोत असा गैरसमजही होता. दुपारच्या सुटीत ताईंनी मला खोलीच्या मध्यभागी उभे केले आणि हातात एक चिठ्ठी दिली. तीवर लिहिले होते : "निळी किल्ली उचला. मग पिवळी उचला. पिवळी मिळेपर्यंत निळी सोडू नका." माझ्यासमोर उभ्या असलेल्या सहकारी तरुणीच्या चिठ्ठीत नेमके याच्या उलट लिहिलेले होते. मी निळी उचलली, तिने पिवळी उचलली आणि आम्ही दोघे परस्परांपुढे हात पसरून उभे राहिलो. बाकीची मंडळी पोहे खाऊ लागली.

बराच वेळ गेल्यावर मी विचारले, "मॅडम, अजून किती वेळ उभे राहायचे आहे?"

ताई आपल्या पोह्यांवर तर्री घालून घेत होत्या. "तुमाले पिवळी किल्ली भेटली काय?"

"नाही."

"मंग हलता कसे जी? चिठ्ठीत काय लिवलं हाय ते वाचा ना."

सगळे हसले. ताईंनी पोह्यांची एक ताटली आमच्या दोघांच्या मध्ये, हात पोचणार नाही अशा अंतरावर आणून ठेवली आणि म्हणाल्या, "आता ध्यानात राहीन. असा प्रोग्राम मरत नाही, चालत बी नाही. नुसता उपाशी उभा राहते."

या प्रकाराला त्या 'नाटक' म्हणतात. संगणकावर कोणतीही नवी चाचणी चालवण्यापूर्वी ती माणसांकडून करवून घ्यायची, ही त्यांची पद्धत आहे. जी चूक माणसे उभी करून दाखवता येत नाही ती आपल्याला समजलेलीच नाही, असे त्यांचे मत आहे. त्या दिवशी मी मनातून रागावलो होतो. परंतु परस्परांच्या वाटेकडे डोळे लावून कायमचे अडकलेले प्रोग्राम कसे असतात, हे मला त्यानंतर कोणत्याही पुस्तकातून शिकावे लागले नाही.

ताईंच्या षष्ट्यब्दीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी लिहिण्याची आज्ञा समितीने मला केली, हा मी माझा बहुमान समजतो. अशा लेखाच्या आरंभी लेखकाने संकोच व्यक्त करण्याची रीत आहे. माझी भावना संकोचाची नाही, शरमेची आहे, आणि तिचे कारण वाचकांना आधीच सांगितले पाहिजे. समितीच्या आवाहनपत्रात असे छापले होते की, शैलजाताईंनी आपल्या संपूर्ण सेवाकाळात स्वतःची खात्री पटल्यावाचून एकही हरकत मिटवली नाही. हे विधान एका हरकतीपुरते खरे नाही. ते खरे नसण्याचे कारण मी आहे. ताईंनी मध्यंतरी हा सत्कार नाकारला होता आणि आपण सर्वांनी त्याला त्यांचा विनय म्हटले होते. तो विनय नव्हता.

हे समजण्यासाठी आमचे काम काय आहे ते थोडक्यात सांगतो. या ग्रंथाचे वाचक ताईंचे आप्त, शेजारी आणि स्नेही आहेत. त्या सर्वांना संगणकाचे ज्ञान असेलच असे नाही. चालू असलेला प्रोग्राम मध्येच थांबवून त्याच्या पोटात त्या क्षणी काय चालले आहे हे दाखवणाऱ्या साधनाला डीबगर म्हणतात. त्याला डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपची उपमा देण्याचा मोह होतो, परंतु स्टेथोस्कोप लावताना रुग्णाचे हृदय थांबवत नाहीत. डीबगर ते थांबवतो. आजच्या प्रोग्राममध्ये अनेक कामे एकाच वेळी चालतात. त्यांना थ्रेड म्हणतात. काही जण मराठीत त्यांना धागे म्हणतात, पण ताईंना तो शब्द मानवत नाही. "धागा दुसऱ्या धाग्याच्या ताटात हात घालत नाही. हे चौघं एकाच ताटात जेवून राहिले. कोणी कोणाचा घास उचलला, तेच तर पाहाचं हाय," असे त्या म्हणतात.

हे चौघे एकाच वेळी जेवत असताना सर्वांना जागच्या जागी थांबवायचे, कोणाचा हात कुठे आहे ते दाखवायचे आणि पुन्हा जेवू द्यायचे, ही सोय आमच्या डीबगरमध्ये नव्याने घालण्याचे काम गेली काही वर्षे चालू आहे. साधन बनवणाऱ्या गटाचे प्रमुखपद माझ्याकडे आहे आणि ते तपासणाऱ्या गटाचे ताईंकडे. तपासण्यासाठी त्या मुद्दाम चुकणारे प्रोग्राम लिहितात. चांगला प्रोग्राम लिहिणे अवघड असते. पण सांगितलेल्या जागी, सांगितलेल्या रीतीने आणि हवा तेव्हाच चुकणारा प्रोग्राम लिहिणे त्याहून अवघड असते. एकदा एका तरुण सहकाऱ्याने लिहिलेला असा प्रोग्राम काही केल्या चुकेना. तो बिचारा रडकुंडीला आला. ताईंनी त्याचा प्रोग्राम वाचला आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. "अरे गा, तुले वाईट वागताच येत नाही! घरी आईले सांगजा, पोरगं सुधारण्यापलीकडं गेलं म्हणून." आणि मग संध्याकाळपर्यंत शेजारी बसून त्याला नीट चुकायला शिकवले.

इतर ठिकाणी ज्याला दोषनोंद म्हणतात, त्याला आमच्याकडे हरकत म्हणतात. हे नाव ताईंनी रूढ केले. दोष म्हटले की माणूस स्वतःचा बचाव करू लागतो, हरकत म्हटली की उत्तर शोधू लागतो, असा त्यांचा अनुभव. हरकत ज्याने घेतली त्यानेच ती मिटवायची, आणि तीही स्वतःच्या डोळ्यांनी चाचणी उत्तीर्ण झालेली पाहून, हा नियमही त्यांचाच. ताईंचे वडील कळमन्याच्या बाजारात तोलारी होते. काटा पूर्ण स्थिर झाल्याशिवाय त्यांनी कधी वजन पुकारले नाही. त्यामुळे घाईतले अडते त्यांना टाळत आणि शेतकरी त्यांच्या काट्यापुढे रांग लावत. एकदा कंपनीच्या प्रमुखांनी "इतके दिवस कशाला लागतात?" असे ताईंना विचारले होते. त्या म्हणाल्या, "माझा बाप हमालाचा बी ओरडा ऐकत नव्हता साहेब, तुमी तर हळूच बोलून राहिले."

माझे आणि त्यांचे खटके अनेकदा उडाले. माझी औपचारिक भाषा हा त्यांच्या थट्टेचा आवडता विषय. "सर, तुमी मराठी बी इस्त्री करून आणता काय?" हा प्रश्न मी सर्वांसमक्ष कितीदा ऐकला आहे. परंतु ज्या हरकतीविषयी मी लिहीत आहे, तीवरून झालेला वाद थट्टेचा नव्हता.

घडत असे ते असे. डीबगरमध्ये 'सर्वांना थांबवा' अशी आज्ञा देताच पडद्यावर सर्व थ्रेडपुढे 'थांबला' हा शब्द तत्काळ उमटे. प्रत्यक्षात एखादा थ्रेड बाहेरच्या यंत्राच्या उत्तराची वाट पाहत असेल, तर तो किंचित उशिराने थांबे आणि तेवढ्या अवकाशात ताटातला एखादा आकडा बदलून जाई. पाहणाऱ्या अभियंत्याला मात्र वाटे, सर्व काही थांबलेले आहे. अर्धे शिळे आणि अर्धे ताजे आकडे एकत्र पाहून तो भलत्याच जागी चूक शोधत बसे. त्या पडद्याची रचना माझी होती.

"हे केवळ दिसण्यापुरते आहे," मी म्हणालो. "पापणी लवते न लवते तोच तो थांबतोच."

"पापणी लवते तेवढ्यात माणूस खोटं बोलू शकते ना, सर?"

"यंत्र खोटे बोलत नाही, ताई. थोडे आधी बोलते."

"वा! लग्नात नवरदेव निघाला, निघाला म्हणतात, अन् तो घरी दाढी करून राहिला असते. ते बी मंग थोडं आधीच बोलणं झालं!"

सगळा कक्ष हसला. मी हसलो नाही, पण हरकत मान्य केली. प्रत्येक थ्रेड थांबल्याची स्वतः पोच देईपर्यंत त्याच्यापुढे 'थांबत आहे' असेच लिहायचे, असे ठरले. सांगायला हे सोपे होते. करायला गेल्यावर लक्षात आले की, सगळे एकाच क्षणी थांबतात हे गृहीत माझ्या रचनेच्या प्रत्येक सांध्यात शिरलेले आहे. दुरुस्ती मी स्वतःकडे घेतली.

त्याच सुमारास माझी पत्नी सुनंदा आजारी पडली.

सुनंदा शाळेत भूगोल शिकवीत असे. कंपनीच्या एका स्नेहभोजनात ताईंची आणि तिची ओळख झाली आणि पुढे त्या दोघींच्या गप्पांत मला फारसे स्थान उरले नाही. आजारपणात ताई दर रविवारी रुग्णालयात येत. रुग्णाजवळ बोलताना लोक आवाज खाली आणतात. ताईंनी तो कधी आणला नाही.

"काय वं सुनंदा, आज किती थ्रेड चालू हाय तुझे?"

"सगळे चालू आहेत, ताई," सुनंदा माझ्याकडे पाहून म्हणे, "हा एक नवरा तेवढा अडकून बसला आहे."

एकदा सुनंदाला गोळाभाताची, म्हणजे डाळीचे गोळे घातलेल्या भाताची, इच्छा झाली. पथ्याच्या यादीत तो बसणे शक्यच नव्हते. ताई पुढच्या रविवारी डबा घेऊन आल्या, वर चरचरीत फोडणीचे तेल वेगळ्या वाटीत. मी हरकत घेतली. "खाऊ नको म्हणाले डाक्टर," ताई म्हणाल्या, "वासावर कोणाची बंदी हाय?" त्यांनी झाकण उघडून डबा सुनंदाच्या समोर धरला. तिने डोळे मिटले आणि कितीतरी वेळाने म्हणाली, "हिंग जास्त पडला आहे, ताई." त्या दोघी ज्या प्रकारे हसल्या, ते हसणे मी विसरणार नाही.

सुनंदा गेली. दिवसकार्य आटोपल्यावर मी कामावर रुजू झालो. भेटणारे सर्व जण "कसे आहात?" असे विचारीत आणि मी "ठीक आहे" असे सांगे. त्यात कोणाचीच अडचण नव्हती. ताईंनी मात्र तो प्रश्न कधी विचारला नाही. त्या सकाळी माझ्या टेबलाशी येत आणि विचारीत, "सर, कुठं आहात?"

"येथेच आहे."

"इथं तुमचा शर्ट हाय. तुमी कुठं आहात?"

एका सकाळी माझ्याकडून उत्तर निघून गेले, "औषधांच्या दुकानापुढे, रांगेत." ताईंनी खुर्ची ओढली आणि शेजारी बसल्या. काही वेळाने म्हणाल्या, "नंबर यायचा हाय का अजून?" मी मान हलवली. "बरं. येऊ द्या," असे म्हणून त्या बसूनच राहिल्या. माझ्या आयुष्यातील सांत्वनाचे सर्व शब्द एका पारड्यात घातले, तरी ते बसणे जड भरेल.

दुरुस्तीचे काम याच दिवसांत चालू होते. मी करीत होतो, ताई चाचणी चालवीत होत्या आणि ती अनुत्तीर्ण होत होती. काम दुसऱ्या कोणाकडे देऊन मला विश्रांती द्यावी, अशी चर्चा वरिष्ठांत सुरू झाली होती, हे मला ठाऊक होते. घरी न बसण्यासाठी माझ्याजवळ तेवढे एकच निमित्त होते. आणि एके सकाळी पाहतो तो हरकत मिटलेली. खाली ताईंचा शेरा : "पाहिले. समाधान झाले."

सुनंदा गेल्यानंतर मला झालेला तो पहिला आनंद होता. मी सर्व कक्षाला संत्रा बर्फी वाटली. संध्याकाळी घरी जाऊन सुनंदाच्या तसबिरीपुढे बर्फीचा तुकडा ठेवला आणि, वयाला न शोभेल असे, तिला मोठ्याने सांगितले की, काम झाले. आज ते आठवले की मान वर करवत नाही.

नवी आवृत्ती काही मोजक्या ग्राहकांना परीक्षणासाठी दिली गेली. सर्वांसाठी ती प्रसिद्ध करण्याची तारीख ठरली. त्याच वेळी या ग्रंथासाठी लेखाची विनंती आली. ताईंची कसोटी किती काटेकोर असते याचे उदाहरण म्हणून मी हीच हरकत निवडली. वर्णन बिनचूक व्हावे म्हणून त्यांची ती चाचणी स्वतः चालवून पाहिली. सर्व थ्रेडपुढे 'थांबला' असे उमटले आणि माझ्या डोळ्यांदेखत आकडा पुढे सरकला. मी पुन्हा चालवली. पुन्हा सरकला. मधल्या काळात कोणी काही बदलले असेल म्हणून शोध घेतला. कोणीही काही बदललेले नव्हते. म्हणजे माझी दुरुस्ती कधीच यशस्वी झाली नव्हती. आणि ताईंना ते न समजणे अशक्य होते.

रविवारी सकाळी मी नंदनवन वस्तीतील त्यांच्या घरी गेलो. त्या ओसरीत अंबाडीची भाजी निवडत बसल्या होत्या.

"या, सर. लेख वाचून दाखवायले आले काय? मी सांगितलं ना समितीले, मले नाही पाहिजे सत्कार."

"ताई, ती हरकत मिटवण्यापूर्वी आपण चाचणी चालवली होती का?"

निवडणारा हात थांबला नाही. "चालवली होती ना."

"आणि?"

"नापास झाली."

"तरीही आपण समाधान झाले असे लिहिले?"

"लिवलं."

"का, ताई?"

त्यांनी भाजीची परडी बाजूला सरकवली. "तुमाले आठवत नाही, हे मले माहीत हाय. त्या दिवशी संध्याकाळी मी तुमच्या टेबलाशी आली होती, नापास हाय म्हणून सांगायले. तुमी घड्याळ पाहिलं अन् म्हणाले, 'एक मिनिट ताई, सुनंदाला फोन करतो, आज उशीर होईल.' फोन उचलला बी. मंग तसाच ठेवून देल्ला अन् मले विचारलं, 'आपण काय म्हणत होता?'"

मला यातले काहीही आठवत नव्हते. आजही आठवत नाही.

"मी म्हणाली, काही नाही जी. अन् जागेवर जाऊन हरकत मिटवून टाकली. मले वाटलं, आज या माणसाले नापास म्हटलं, तर उद्या हा येत नाही. दोन-चार दिवसांनी उघडू, काय होते? तर दुसऱ्या दिवशी तुमी बर्फी वाटत सुटले! आता उघडू कोणत्या तोंडानं?"

मी त्यांच्यासमोर ओसरीच्या कडेला बसलो.

"अन् वरून हे समितीवाले छापून राहिले, एकही हरकत अशी मिटवली नाही म्हणून. शाल घालताना तेच वाचतीन ना माझ्यासमोर? मी काय करू, नमस्कार करू? नको म्हटलं, तर म्हणतात किती विनय! विनय कायचा जी? शरम हाय ती." त्यांचा आवाज प्रथमच खाली आला. "सुनंदाच्या उशाशी ते औषध सोडायचं मशीन होतं. तुमी त्याच्या आकड्याकडं कसे टक लावून बसत होते, ते मी पाहिलं हाय. तसले मशीन बनवणारे आपला डीबगर वापरतात, सर. मले झोप येत नाही."

दुसऱ्याला लाज वाटताना पाहणे कठीण असते. ती आपल्यामुळे वाटत आहे हे ठाऊक असताना पाहणे फारच कठीण. मी पुस्तकी वाक्यात सांगितले की, आपण माझ्यावर दया केलीत, तिला मी पात्र नव्हतो.

"दया केली, तेच चुकलं," त्या म्हणाल्या. "तुमाले खुर्चीवर बसवून ठेवायचं होतं तर दुसरं काही करता आलं असतं मले. खोटा शेरा नव्हता लिवाचा."

हरकत मी माझ्या नावाने उघडतो, असे मी सुचवले. त्या एकदम ताठ बसल्या. "काहून? मिटवली मी, उघडीन मी. तुमी तारखेचं पाहा."

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीतील प्रत्येकाला दिसेल अशा जागी ताईंचा शेरा उमटला : "हरकत पुन्हा उघडत आहे. माझा पूर्वीचा शेरा खरा नव्हता. चाचणी तेव्हाही नापास होती." खाली संपूर्ण नाव. कारण लिहिले नव्हते. इतक्या वर्षांचा लौकिक त्यांनी दोन ओळींत स्वतःच्या हाताने उतरवून ठेवला, आणि ज्याच्यासाठी ते घडले त्याचे नाव त्यात येऊ दिले नाही. ते नाव, पाठक, मी येथे लिहीत आहे.

मी प्रमुखांकडे गेलो. परीक्षणासाठी आवृत्ती घेतलेल्या ग्राहकांना आजच कळवावे आणि तारीख पुढे ढकलावी, अशी विनंती केली.

"पाठक साहेब, तारीख जाहीर झाली आहे. आणि हे कोणाच्या लक्षातही आले नसते."

"म्हणूनच आलो आहे."

त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिले आणि मऊ आवाजात म्हणाले, "तुमच्यावर फार ताण आहे. हवी तर थोडी सुटी घ्या."

तो मऊ आवाज मी गेले कित्येक महिने सर्वत्र ऐकत होतो, आणि त्याचीच किंमत ताईंनी मोजली होती. मी म्हणालो, "सुटी नको. मुदत द्या." मुदत मिळाली. ग्राहकांना त्याच दिवशी सूचना गेली.

हा मजकूर गौरवग्रंथात शोभणार नाही, असे समितीच्या काही सदस्यांनी मला सांगितले. त्यांचा हेतू चांगलाच होता. मी लेख ताईंना वाचून दाखवला. एक शब्दही वगळला तर सत्कार घेणार नाही, असे त्यांनी समितीला कळवले. "साठ वर्षांची बाई आहो मी, देव्हाऱ्यातली देवी नाही. देवी केली की मंग रोज आरती करा लागते, तुमाले जमणार नाही," असेही त्या म्हणाल्या. आवाहनपत्रातील ते वाक्य समितीने काढून टाकले आहे आणि ताईंनी सत्काराला संमती दिली आहे. त्या वाक्याच्या जागी काय लिहावे, हे मला विचारले असते तर मी सांगितले असते की, त्यांनी एक हरकत खात्री न करता मिटवली आणि ती सर्वांदेखत पुन्हा उघडली. माझ्या मते हा मोठा गौरव आहे.

हा लेख लिहीत असताना ती हरकत मिटलेली नाही. रचनेचे सांधे मी पुन्हा एकेक करून उलगडत आहे. गेल्या आठवड्यात एक दुरुस्ती पूर्ण झाली असे मला वाटले आणि मी ती ताईंकडे पाठवली. दुपारी त्या स्वतः माझ्या टेबलाशी आल्या. मी उभा राहिलो.

"बसा," त्या म्हणाल्या. "नापास. तिसरा थ्रेड अजून बी पळून राहिला. अन् सर, ही चूक तुमी आळसानं केली हाय, दुःखानं नाही. पुन्हा करा."

इतक्या महिन्यांत माझ्याशी असे कोणी बोलले नव्हते. मी "बरे" म्हणालो आणि कामाला लागलो. सुनंदा गेल्यापासून माझ्याकडे विधुर म्हणून पाहण्याची सर्वांना सवय झाली होती, मला स्वतःलाही. त्या दुपारी ताईंनी माझे काम मला परत दिले.

शैलजाताईंना उत्तम आरोग्य आणि दीर्घ आयुष्य लाभो. त्यांच्या डोळ्यांची पारख आणि जिभेची धार कमी न होवो. आणि त्या दीर्घ आयुष्यात आमच्यापैकी कोणाचीही कीव येऊन त्याला उत्तीर्ण करण्याची वेळ त्यांच्यावर पुन्हा कधी न येवो.